तिसऱ्या पाळीसाठी कापलेला शेवट

"तिन्हींतला खरा कुठला, तेवढं सांग," गोमा म्हणाला. समोरच्या चहाला त्याने हातही लावला नव्हता.

असा प्रश्न आपल्याला कुणी आपणहून विचारावा, याची कमलाकांत गेली कित्येक वर्षं वाट पाहत होता. बोईसरच्या टॉकीजमध्ये त्याने एकतीस वर्षं सिनेमाचं मशीन चालवलं. टॉकीज बंद पडली, तिथे प्लास्टिकच्या दाण्यांचं गोडाऊन झालं, पण सालवडच्या त्याच्या खोलीवर येणाऱ्याची सिनेमातून सुटका नव्हती. 'खाडीपलीकडचा माणूस' या हेरकथेवर आजवर तीन सिनेमे निघाले, आणि त्या तिन्हींची तुलना तो इतकी रंगवून करी की पाहुणा शेवटी चपला शोधू लागे.

"काळापांढरा एक नंबर," तो खुशीत सुरू झाला. "त्यातला हेर घाबरतो बघ. खोटं नाव सांगताना आवंढा गिळतो. रंगीत हिंदीतला हिरो तुरुंगातपण भांग पाडून बसलाय. आन आता मोबाइलवर आठ भागांचा आलाय, त्यात निस्ता गोळीबार. सबंध पुस्तकात एक गोळी नाय सुटत."

"शेवटाचं सांग."

"रंगीतमध्ये सुटून घरी येतो, गाणं होतं. मोबाइलवाल्यात त्यालाच यायचं नाय. पलीकडं दुसरा संसार मांडलाय त्याने."

"आन काळ्यापांढऱ्यात घरी येतो," गोमा म्हणाला. "पुलावरनं चालत येतो, तोंडावर ऊन पडतं, समाप्त. तूच दाखवलास ना."

कमलाकांतचा उत्साह तिथेच मावळला. त्याने उगाच आपली बशी सरळ केली.

तो सिनेमा टॉकीजला दुसऱ्यांदा लागला, त्याला चाळीस वर्षं होत आली. गोमा तेव्हा तारापूरच्या एका कारखान्यात तिसऱ्या पाळीला होता. डोंगरावरच्या पाड्यातून उतरायचा, संध्याकाळचा खेळ बघायचा आणि नाक्यावरून कंपनीची बस पकडायचा. खेळ लांबला की बस चुकेल म्हणून कामगार मध्येच उठत, आरडाओरडा करत. मालकाने तोड काढली, सिनेमाच छोटा करा. आता गाणं कापलं तर पब्लिक खुर्च्या फोडते. शेवट कापला तर ज्याने आधी पाहिलेला नाही त्याला पत्ताच लागत नाही. म्हणून कमलाकांतने शेवटचं रीळ डब्यातच ठेवलं, त्यातली 'समाप्त'ची पट्टी तेवढी कापली आणि आधीच्या रिळाला जोडून दिली. आठवडाभर बोईसरचा हेर पुलावरून चालत घरी निघाला आणि लोक समाधानाने कामावर गेले. कमलाकांतला तेव्हा आपल्या हुशारीचा अभिमानच वाटला होता.

गोमाने तो सिनेमा त्या आठवड्यात तीनदा पाहिला. पुढे मुलगा झाला, जिवल्या, त्याला तो सिनेमा गोष्ट म्हणून सांगितला. आणि तीन वर्षांपूर्वी जिवल्या गुजरातकडच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला, बोट समुद्रात हद्दीपलीकडे पकडली गेली, सगळे तिकडच्या तुरुंगात पडले, तेव्हा गोमाने तीच गोष्ट सुनेला सांगितली. कमळी त्या गोष्टीच्या आधारावर थांबली होती.

"मागल्या म्हयन्यात सुटले ते आले," गोमा म्हणाला. "पालघर स्टेशनला मी हार घेऊन गेलतो. त्याच्या बोटीवरचे पाच उतरले. सहावा नाय."

"काय म्हणाले ते?"

"त्यातला रूपेश म्हनला, दुसऱ्या थंडीत त्याला खोकला झाला, इस्पितळात नेला. मंग बराकीत परत आनलाच नाय. कागुद नाय, काय नाय. कचेरीत इचारलं तर म्हंतात, यादीत नाव नाय म्हंजे आमाला म्हाईत नाय."

कमलाकांतने गार झालेला चहा गोमाकडे सरकवला.

"कमळीचा भाव उद्या येतोय तिला न्यायला. सफाळ्याकडचा एक मानूस हाय, बायको वारलेली, भातशेती हाय त्याची. कमळीला मागतोय. तिनं मना दोनदा इचारलं, बाबा, थांबू का? दोन्ही येळा मी बोललो, थांब, तो येतो." गोमाने कप बाजूला सारला. "उद्या तिसऱ्यांदा इचारल. तो सिनेमा तुज्या मोबाइलात हाय ना? दाखव."

"गोमा, सिनेमावरनं काय ठरवतोस?"

"सिनेमानं पोरगा येत नाय, येवढी अक्कल मना हाय. पन मी तिला काय सांगत आलो, ते एकदा बघू दे."

आता सांगून टाकावं, असं कमलाकांतच्या मनात दहादा आलं. सांगणं जमलं नाही, तेव्हा त्याने सिनेमा लावला. पाण्याच्या तांब्याला मोबाइल टेकवून दोघं म्हातारे भर दुपारी दोन तास बसले. एरवी प्रत्येक प्रसंगाला टिप्पणी करणारा कमलाकांत गप्प होता. हेर पुलावर आला, तोंडावर ऊन पडलं, आणि कमलाकांतचा अंगठा आपसूक पडद्याकडे गेला.

"चालू ठेव," गोमा म्हणाला. "आज मना पाळी नाय."

पुढे पूल तसाच राहिला. हेराला अर्ध्यातून मागे बोलावलं. कागदात काही खोट निघाली होती. बाकीचे एकेक करून अलीकडे आले, त्यांची माणसं त्यांना बिलगली. शेवटी आडवा दांडा खाली आला. हेराच्या बायकोने शिपायाला विचारलं, "संपले?" शिपाई म्हणाला, "संपले." ती तिथेच उभी राहिली, आणि मग अक्षरं आली.

"हे तू कापलंस?" गोमाने विचारलं.

"मालकाने सांगितलं. पण कापलं मी."

"केवढं व्हतं?"

"अकरा मिनिटांचं."

गोमाने मान हलवली. त्याने शिवी द्यावी, कप फेकावा, असं कमलाकांतला मनापासून वाटत होतं. ज्या कारागिरीचा तो चाळीस वर्षं अभिमान बाळगून होता, तिची त्याला शिसारी आली.

"पुस्तकात ती बाई म्होरं काय करते?"

"पुस्तकपण तिथंच संपतं."

"तिला कोन सांगत नाय, जा म्हनून?"

"नाय. कोणच नाय."

गोमाने स्वतःचा फोन काढला आणि कमळीला लावला. त्याला कमी ऐकू येई, म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला असे; पलीकडचं बोलणं खोलीभर ऐकू येत होतं.

"कमळे, उद्या भाव येल, त्याच्यासंगती जा. सफाळ्याचा मानूस बरा हाय."

"बाबा, काय कळलं काय? कोनाचा फोन आला?"

"कोनाचा नाय. मीच सांगतो. आता थांबू नको."

कमलाकांत भिंतीकडे पाहत बसला.

"तुमाला भाकरी कोन करल?" पलीकडून कमळी म्हणाली.

"मना येते," गोमा म्हणाला आणि त्याने फोन बंद केला.

तो उठला. दारात जाऊन चपला घातल्या, आणि काही तरी आठवल्यासारखा थांबला. कमलाकांतची बायको जाऊन बारा वर्षं झाली होती. त्याचं त्यालाच रांधावं लागे, हे गोमाला ठाऊक होतं.

"तांदळाच्या पिठाला पानी गरम घ्यायचं ना?" त्याने विचारलं.

"कढत," कमलाकांत म्हणाला. "चांगलं उकळू द्यायचं."