काठावरची वाट

घरी ते माझे सासरे, प्रयोगशाळेत माझे सर. त्यामुळे बोलणी खायला मला दोन्हीकडे हक्काची जागा.

कार्बनचे अणुभर जाडीचे दोन पापुद्रे किंचित तिरके एकावर एक ठेवून खूप थंड केले, की त्यांतल्या इलेक्ट्रॉनांची आपसात चांगलीच जुंपते. सरांचा सिद्धांत असा, की या भांडणातूनच काठावर एक वाट तयार होते आणि तिच्यावरून वीज कुठेही न अडखळता धावते. भांडण कमी केलं, की वाटही गेली.

माझ्या नवऱ्याने प्रबंधात नेमकं उलट मांडलं होतं. भांडण थोडं निवळलं, की वाट पक्की होते. सरांनी, म्हणजे त्याच्या सख्ख्या बापाने, भर सभेत त्याचं गणित पोरखेळ ठरवलं. त्याने भौतिकशास्त्राला रामराम ठोकला. आता तो लोकांना गाडी चालवायला शिकवतो. बापलेक जेवताना मीठसुद्धा माझ्यामार्फत मागतात, आणि मीही मूर्खासारखी पोचवते.

आज मी पापुद्र्यांच्या अगदी जवळ धातूचा थर दिला होता. धातू जवळ आला, की इलेक्ट्रॉनांचं भांडण सौम्य होतं. आता वाट नाहीशी होणार, हे बघायला सर मुद्दाम येऊन बसले होते.

पडद्यावरची रेषा चढली, सपाट झाली आणि तिथेच राहिली. वाट होती.

"चुंबक चालू राहिलाय," सर म्हणाले. चुंबकानेही अशी वाट उमटते.

"बंद आहे, सर."

"तारा बदल."

बदलल्या. नमुना तापवून पुन्हा थंड केला. रेषा आधीपेक्षाही सपाट आली.

सर पांढरेफटक पडले. इतकी वर्षं मला त्यांचा राग होता, पण तो चेहरा बघवेना. मग ते म्हणाले, "त्याला फोन लाव. स्पीकरवर."

"पटकन बोल," नवरा म्हणाला, "गाडीत शिकाऊ बाई आहेत."

"मी बोलतोय. तुझं गणित बरोबर होतं. आज इथे दिसलं. माझं चुकलं." सर फोनकडे वाकून बोलत होते. "परत ये. दोघं मिळून लिहू."

"क्लच हळू सोडा, ताई," तो तिकडे त्या बाईंना म्हणाला. मग गाडीचं इंजिन बंद झालं.

"बाबा, मला त्यातलं आता काही येत नाही," तो म्हणाला. "मी ते मुद्दाम विसरलो. फार वर्षं लागली विसरायला."