वरची धार : निरंक

“पर्वत हे राष्ट्राचे मस्तक आहे आणि हे उद्यान म्हणजे त्या मस्तकावरचा मुकुट. हा मुकुट आम्ही प्राणपणाने जपू,” असे वनाधिकारी साहेबांनी नव्या फलकासमोर उभे राहून जाहीर केले. टाळ्या पडल्या. वनरक्षकाने मात्र टाळी वाजवली नाही. फलक नवा असला तरी खांब जुनेच होते, त्यांतला उजवा कुजून मोडला होता आणि राष्ट्राचा मुकुट पडू नये म्हणून तो मागून दोन्ही हातांनी धरून उभा होता.

फोटो निघाले, फलक हळूच झाडाला टेकवला गेला आणि साहेबांनी वनरक्षकाला कचेरीत बोलावले.

टेबलावर गस्तीची वही उघडी होती. तीन वर्षांची पाने, रोज एक ओळ. ठिकाण, डोंगराची वरची धार. दिसलेले वन्यप्राणी, निरंक. पुन्हा निरंक. पानामागून पान निरंक.

“हजार दिवसांत एक प्राणी नाही?” साहेबांनी कौतुकाने विचारले.

“निरंकराव आहेत ते आमचे,” हेडक्लार्क म्हणाला. “अक्षर बघा साहेब, मोत्यासारखं.”

निरंक ही त्या खात्याची जुनी आणि लाडकी रीत होती. रकाना कोरा राहिला की वरून खुलाशाचे पत्र येई, खुलासा पाठवला की दुसरे पत्र येई. निरंक लिहिले की सगळीकडे शांतता. तीन वर्षांपूर्वी चार वनरक्षकांपैकी हा एकटाच उरला. जीप बंद पडली आणि तिच्यात कोंबडी अंडी घालू लागली. त्याच्या बुटाचा तळ धारेच्या वाटेवर कुठेतरी राहिला, आणि रबरी चपलेत ती चढण चढता येत नाही. बुटांसाठी त्याने सात अर्ज केले. आठवा घेऊन गेला, तेव्हा हेडक्लार्कने मायेने खांद्यावर हात ठेवला. “गेलो नाही असं कशाला लिहितोस बाबा? काही दिसलं नाही असं लिही. ते तर खरंच आहे ना?”

खरेच होते. खालच्या चौकीत बसून धारेवरचे काहीही दिसत नसे.

“म्हणजे जागा रिकामी आहे,” साहेब म्हणाले. धारेवर रोपवे जाणार होता, वर साठ खोल्यांचे हॉटेल होणार होते. प्राण्यांचा वावर असता तर नियमाने हे झालेच नसते. पण वावर निरंक. “उद्या बारा वाजता परवानगीसाठी समितीपुढे सुनावणी आहे. इथे सही करा. ‘मी स्वतः रोज पाहणी केली असून धारेवर प्राणी नाहीत.’”

जो शब्द तो झोपेतही लिहीत होता, त्याच्याखाली सही करताना त्याचे पेन अडले.

“उद्या समितीपुढेच करतो साहेब. चष्मा घरी राहिलाय.”

चष्मा त्याच्या नाकावर होता. साहेब त्या वेळी घड्याळाकडे बघत होते म्हणून निभावले.

संध्याकाळी लेक आणि जावई मुक्कामाला आले. लेकीला सातवा महिना होता. जावई रोपवेच्या कंपनीत मोजणीचे खांब रोवायच्या कामावर, हंगामी.

“बाबा, उद्या सही झाली की यांना कायम करणार आहेत,” लेक जेवता जेवता म्हणाली.

“कोण म्हणालं?”

“मुकादम,” जावई म्हणाला. “सासरे तुमचेच ना, असं दोनदा विचारलं त्याने.”

“जावईबापू, तुम्ही रोज वर जाता. काही दिसतं का हो तिथे?”

जावयाचा घास हातातच राहिला. “आम्हाला बघायला नाही सांगितलेलं, मामा. खणायला सांगितलंय.”

“पण दिसतं का?”

“पाणी हवंय का कुणाला?” वनरक्षकाच्या बायकोने विचारले, म्हणजे विषय संपला.

भांडी आवरताना मात्र ती नवऱ्याला हळूच म्हणाली, “तीन वर्षं लिहिलंत तेव्हा हात दुखला नाही. नेमका लेकीच्या वेळेलाच दुखायला लागला?”

 त्याची नजर दाराशी गेली. तिथे जावयाचे बूट होते. जाड तळाचे, घोट्यावर कंपनीचे पिवळे चिन्ह असलेले. ते पायात नसले तर मुकादम कामगाराला दारातूनच परत पाठवी. नऊ नंबर. त्याचाही नऊच.

फटफटले तेव्हा तो धारेच्या वाटेला लागला होता. पायात जावयाचे बूट, पिशवीत बायकोचा डबा, आणि छातीत भाता चालल्यासारखा आवाज. साडेआठला तो माथ्यावर पोचला. मोजणीचे खांब नीट रांगेत उभे होते, प्रत्येकाला लाल फीत. चौथ्या खांबाशी ओल्या मातीत पंजा उमटला होता, त्याच्या हातापेक्षा रुंद, बोटांपुढे नखांचे वेगळे ठिपके. शेजारी तसेच दोन छोटे. पलीकडे ताजी विष्ठा, आणि तिच्यात चावलेल्या लाल फितीचा तुकडा.

त्याने डब्यातली भाकरी रुमालात बांधली आणि विष्ठा डब्यात भरली. झाकण लावतो तोच मागे झुडूप हलले.

अस्वलीण वीस पावलांवर उभी होती. तिच्या पायांतून एक पिलू डोकावत होते, दुसऱ्याच्या तोंडात फीत होती. आणि उतरायची वाट तिच्या मागून जात होती.

तो पळाला नाही. पळणाऱ्याचे काय होते ते त्याला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळले होते. तो एकेक पाऊल मागे सरकत खडकाला टेकला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, “बाई, मी निरंक. मी दिसलोच नाही असं समज.”

तिने नाकातून जोरात फुत्कार सोडला आणि तिथेच बसकण मारली. नऊ वाजले. साडेनऊ.  खाली बारा वाजता त्याच्या नावाचा दाखला वाचला जाणार होता, आणि तो पोचला नाही तर वही एकटीच साक्ष देणार होती. सव्वादहाला पिलांना कंटाळा आला. ती निघाली, मग आईही.

तो सभागृहात शिरला तेव्हा एक वाजून गेला होता आणि हेडक्लार्क वहीतली पाने वाचून दाखवत होता. चिखलाचे ठसे गालिच्यावर उमटवत तो थेट समितीच्या टेबलापाशी गेला.

“ही वही तुमचीच?” अध्यक्षीणबाईंनी विचारले.

“माझीच. अक्षर माझं, खोटंही माझंच. तीन वर्षं मी वर गेलोच नाही, बाई. निरंक होते ते माझे पाय. प्राणी तिथेच होते.” आणि त्याने डबा उघडला.

पहिली रांग उठून तिसऱ्या रांगेत गेली.

“चार महिन्यांत रिटायर होतोय बिचारा,” साहेब घाईने म्हणाले. “उन्हातून आलाय. काय बोलतोय त्याला कळत नाहीये.”

“कळतंय साहेब. पेन्शन अडकेल, तेही कळतंय.”

तेवढ्यात कंपनीच्या माणसाने बोट दाखवले. “बूट आमचे आहेत. यांच्या पायात कसे आले?”

 वनरक्षकाने खाली बुटांकडे पाहिले. मागे खुर्ची सरकली. जावई उभा होता, पायात सासऱ्याच्या रबरी चपला.

“माझे आहेत. मीच दिले.”

“कशासाठी?”

“वर अस्वलं आहेत. मला रोज दिसतात. मला कुणी विचारलं नव्हतं.” त्याने सासऱ्याकडे पाहिले. “काल मामांनी विचारलं.”

कंपनीच्या माणसाने त्याचे नाव लिहून घेतले. अध्यक्षीणबाईंनी सही नसलेला दाखला बाजूला सारला. त्यांच्यासमोर इतर उद्यानांच्या अकरा वह्या होत्या. वरचीच त्यांनी उघडली, दोन पाने उलटली आणि मिटली. तिथेही अक्षर सुरेख असावे.

“समिती स्वतः वर जाऊन बघेल. तोवर परवानगी नाही,” त्या म्हणाल्या. “तुमची मात्र चौकशी होईल.”

“व्हायलाच पाहिजे. तोवर मी रोज वर जाईन. जे दिसेल ते लिहीन, आणि गेलो नाही तर गेलो नाही असं लिहीन.”

“आणखी काही सांगायचंय?”

वनरक्षकाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. पावणेदोन.

“एकच, बाई. बाकीचं जरा लवकर आटपलं तर बरं होईल. जावयाची पाळी दोनची आहे, आणि बूट माझ्या पायात आहेत.”