दिव्याचं तोंड दाबणारा महाराज

या, असे जवळ सरका. मागच्यांनी पुढे यावं, पुढच्यांनी जरा मांड्या आवराव्यात. एका चमत्काराची गोष्ट सांगतो आणि शेवटी त्याचं पोट फाडून तुमच्यापुढे ठेवतो. मी देव मानणारा माणूस. कुणी सुरात त्याचं नाव घेतलं तरी माझे हात जोडले जातात. म्हणूनच त्या नावाने दुकान थाटणाऱ्याची मला चीड आहे, आणि ती मी लपवणार नाही.

आमच्या टॅक्सीतळामागे एक रिकामं गोदाम होतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. पत्र्याखाली गाड्यांची रांग, गाड्यांशेजारी हात जोडून उभे ड्रायव्हर, त्यांच्या बायका, कडेवरची पोरं. गाड्या सगळ्या एकाच जातीच्या: छोटं पेट्रोल इंजिन आणि त्याला टर्बो. टर्बो म्हणजे जळालेल्या धुराच्या झोताने फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो आणि लहान इंजिनाकडून मोठ्याचं काम करून घेतो. गाडी पळायची झकास. पण पुढेपुढे समोरच्या वेग दाखवणाऱ्या काट्याजवळ इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागायचा आणि चढावर गाडी अशी बसायची, की मागून हातगाडीवाला पुढे निघून जावा.

आणि मग यायचे टर्बोमहाराज! पांढरा झगा, काळा चष्मा, दोन्ही हातांत अंगठ्या.

"बालकांनो, हे इंजिन नऊशे नव्व्याण्णव सीसीचं! हजार का नाही? एक सीसी परमेश्वराने स्वतःकडे ठेवला! सिलिंडर किती?"

"तीन!" गर्दी ओरडायची.

"तीन म्हणजे तिन्ही लोक! झडपा किती?"

"बारा!"

"बारा राशी! आणि टर्बोचे फेरे मिनिटाला दोन लाख! सांगा, कुठल्या योग्याने मिनिटाला दोन लाख जप केला?"

लोक माना डोलवायचे. कारखान्याच्या माहितीपत्रकातले आकडे हा गृहस्थ वेदवाक्यासारखे म्हणायचा. टायरमधल्या हवेचा आकडा तेवढा कधी घेतला नाही. त्याला जुळणारं काही सापडलं नसावं.

पुढे विधी. महाराजांचा एक चेला 'यंत्राचा श्वास धरायला' म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर बसायचा. महाराज बॉनेटवर दोन्ही पंजे ठेवून डोळे मिटायचे, घशातून भुंग्यासारखा आवाज काढायचे, आणि पिवळा दिवा विझायचा! चेला गोदामापुढच्या मैदानाला एक फेरी मारायचा तर गाडी खरंच उसळून पळायची. मग महाराज इंजिनाच्या तेलात 'अमृतबिंदू' ओतायचे, बॉनेट बंद करून त्याच्या कडेवर लाल लाखेची मोहर ठोकायचे आणि बजावायचे, "वर्षभर मोहर मोडायची नाही. तेल बदलायचं नाही. तेलात कृपा उतरली आहे. तेल काढलंत की कृपा गेली. आणि कृपा गेलेल्याची गाडी उलटते!"

तळावर ती लाल मोहर मिरवण्याची गोष्ट झाली. ज्याच्या बॉनेटवर ती नाही, त्याच्याकडे बाकीचे असे बघायचे, जणू त्याने गाडी चोरूनच आणली आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान त्याच तळावर टॅक्सी चालवत. सगळे त्यांना लंबू म्हणत, मी भावजी. त्या बुटक्या गाडीत ते मान वाकवून बसत आणि म्हणत, "गाडीला नमस्कार करतच धंदा करायचा, असं माझ्या पत्रिकेत आहे." त्यांचा दिवा महाराजांनी विझवला, तो पुन्हा लागला. पुन्हा विझवला, पुन्हा लागला.

ताई पाठी लागली. "अहो, गॅरेजला दाखवा. दिवा काय हौसेने लागतो?"

"बघतो."

"बघतो नको. जा. मोहर गेली उडत."

एका संध्याकाळी भावजी चपला काढता काढता म्हणाले, "आलो जाऊन. तेल बदललं. झालं समाधान?" ताईचं समाधान झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाजाराच्या उतारावर भावजींच्या पायाखाली ब्रेक दगडासारखा घट्ट झाला. दाबावा तर दबेना. समोर भर बाजार, माणसंच माणसं. भावजींनी गाडी डावीकडे वळवली आणि भिंतीवर घातली. बाजारातल्या कुणाला खरचटलंसुद्धा नाही. भावजींचं डोकं मात्र त्या बुटक्या छतावर आपटलं; ते वाचले नाहीत.

महाराज समाचाराला आले. खुर्चीत ऐसपैस बसले आणि भरल्या घरात म्हणाले, "माझी मोहर मोडल्याशिवाय असं होत नाही. मोडायला कुणी लावली?"

ताई डोकं खाली घालून म्हणाली, "मी."

खोलीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दुसऱ्या दिवसापासून तळावरचं कुणी दाराशी फिरकेना. ते सोसलं असतं. पण ताईने स्वतःच ते खरं मानलं. ताट पुढे तसंच राहायचं. मी समजावायला गेलो की म्हणायची, "मीच पाठवलं रे त्यांना. गप्प बसले असते तर आज ते असते." तिला समजावायचं कशाने? माझ्याकडे राग होता, पुरावा नव्हता.

पुरावा आणला तो बाईंनी. तंत्रशाळेत त्या इंजिन शिकवतात. भावजी त्यांचे विद्यार्थी. भेटायला आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी कुठे आहे?"

भंगारच्या आवारात ती पडली होती. बाई ताईला हाताला धरून घेऊन गेल्या, मीही गेलो. गाडीचं डावं अंग पार चेपलेलं, उजवं जवळजवळ धड. आणि त्या उजव्या कडेवर लाल मोहर. अख्खी!

"नीट बघ," बाई ताईला म्हणाल्या. "तडासुद्धा नाही." बॉनेट उघडायला ती मोहर त्यांना छिनीने फोडावी लागली.

मग तिथल्या मेकॅनिकने खालचं ऑइल चेंबर काढलं. आत तेल कसलं, डांबर! तेल शोषून घेण्याच्या तोंडाशी एक जाळी असते. ती काळ्या रबराच्या चुऱ्याने बुजलेली. बाईंनी चिमूटभर चुरा ताईच्या तळहातावर ठेवला.

"या इंजिनातला एक पट्टा तेलातच फिरतो. तेल वेळेवर बदललं नाही, किंवा त्यात भलतंसलतं ओतलं, तर तो पट्टा फुगतो, झिजतो आणि त्याचा चुरा इथे अडकतो. मग वर तेल पोचत नाही. तेव्हा दिवा लागतो, आणि इंजिन जपून चालावं म्हणून गाडी आपणच जोर कमी करते. ब्रेकला मदत करणारा पंपही याच तेलावर जगतो. त्याला तेल मिळालं नाही की ब्रेक दगड होतो."

"पण ह्यांनी तर तेल बदललं होतं..."

"हे बदललेलं तेल वाटतं तुला? तो गेलाच नव्हता गं. त्या बुवाची भीती, आणि तुझं मनही मोडायचं नव्हतं. थाप मारली त्याने."

ताईने चुरा मुठीत घट्ट धरला. "खोटारडा," ती म्हणाली. "एवढा उंच माणूस, आणि थाप एवढीशी." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती मोठ्याने रडली. रडून झाल्यावर तोंड पुसलं आणि म्हणाली, "बाई, हे मला एकटीला कळून भागणार नाही. तळावर अजून किती गाड्यांना मोहरा आहेत!"

पुढच्या सुट्टीला बाईंनी आपली गाडी रांगेत लावली. तीही तशीच छोटी, टर्बोवाली. टर्बोकडून येणाऱ्या हवेच्या नळीची पकड त्यांनी मुद्दाम ढिली केली होती. दिवा लखलखीत पेटलेला. महाराज खूश. सीसी झाले, तिन्ही लोक झाले, राशी झाल्या. चेला सीटवर बसला. पंजे बॉनेटवर, भुंगा सुरू.

दिवा विझेना.

भुंगा वाढला. महाराजांच्या कपाळावर घाम. आत चेला स्टिअरिंगखाली वाकून चाचपडतोय.

"काय शोधतोस रे बाळा?" बाईंनी दार उघडलं. "तिथला, यंत्र खोचायचा सॉकेट मी झाकण लावून बंद केलाय." आणि त्याची मूठ धरून वर केली. मुठीत काडेपेटीएवढं यंत्र!

"ही दैवी वस्तू आहे! हात जळेल!" महाराज ओरडले.

"जळेना का. वर्गात रोज वापरते." बाईंनी झाकण काढलं, यंत्र खोचलं, बटण दाबलं. ना डोळे मिटले, ना भुंगा केला. दिवा विझला. गर्दीतून नुसता "हा!" निघाला. "गाडी आपलं दुखणं लक्षात ठेवते. हे यंत्र ती नोंद पुसतं, म्हणून दिवा जातो आणि जोर परत येतो. दुखणं तिथेच असतं. कुणीतरी गाडी फिरवून आणा बघू."

तळावरचा एक म्हातारा ड्रायव्हर फेरी मारून आला. दिवा परत पेटलेला. बाईंनी बॉनेट उघडून ढिली नळी दाखवली. "तुमचा महाराज रोग्याला बरं करत नाही. त्याचं तोंड दाबतो. आणि वरून डॉक्टरकडे जायची बंदी घालतो."

"नास्तिक बाई! लंबूने मोहर मोडली म्हणून..."

ताई पुढे झाली. पदरातून लाखेचे तुकडे आणि रबराचा चुरा काढून तिने त्याच्यासमोर धरला. "नाही मोडली! तुमच्यावर भरवसा ठेवला, म्हणून गेला माझा नवरा!"

महाराज मागच्या मागे सरकला. झगा गुडघ्यापर्यंत उचलून जो पळाला, तो मागच्या दाराने. चेला मात्र सापडला आणि पोलिसांपुढे घडाघडा बोलला. त्या दुपारी गोदामात स्क्रूड्रायव्हरने, दगडाने, हाताला येईल त्याने लोक मोहरा फोडत होते. कुणी महाराजाला शिव्या देत होतं, कुणी स्वतःला. ताईच्या दारात संध्याकाळी बायका आल्या. उंबऱ्यापाशीच अडल्या. तिनेच त्यांना आत बोलावलं.

मंडळी, देवाने डोळे दिले ते बघायला आणि डोकं दिलं ते विचारायला. यंत्र माणसाने केलंय; ते बिघडलं तर त्याचं कारण सापडतं, आणि सापडेपर्यंत शोधायचं असतं. जो म्हणतो, आत बघू नका, त्याच्या हातात नक्की काहीतरी आहे. आधी त्याची मूठ उघडा. देव काही रागावणार नाही. त्याला लाखेची मोहर लागत नाही.

आता उठा. पण एक मागणं आहे. कधी उताराला लागाल आणि पायाखाली ब्रेक मऊ, शहाण्यासारखा दबेल, तेव्हा आमच्या भावजींची क्षणभर आठवण काढा. भ्याले ते एका भोंदूला. पण शेवटच्या वळणावर, भर बाजारापुढे, नाही भ्याले.