हेरंबचं मशीन

हेरंबला कुणी तब्येत विचारली तरी तो लिनक्सवर येई. कारेलीबागेतल्या त्याच्या सोसायटीचा वॉचमनही त्याच्या तावडीतून सुटला नव्हता. आपले फोटो, आपल्या गप्पा परक्या कंपनीच्या घरी का ठेवायच्या, हा त्याचा लाडका सवाल. मग कंपनीतून भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर त्याने उचलून आणला, त्यावर ते फुकट मिळणारं, कुणा कंपनीच्या मालकीचं नसलेलं लिनक्स चढवलं, तो देवघराशेजारच्या फळीवर बसवला आणि सगळ्या नातेवाइकांसाठी निरोप पाठवायचं घरचं अ‍ॅप सुरू केलं. आईला, म्हणजे प्रेमलाबाईंना, त्याने चार स्क्रू काढले की उघडणारा, घरीच दुरुस्त होणारा फोन घेऊन दिला आणि त्यातलं व्हॉट्सअ‍ॅप काढून टाकलं. "बाकी सगळं बंद पडेल, पण आपलं मशीन कधी बंद पडणार नाही," असं तो छाती फुगवून सांगे.

नातेवाईक हुशार. त्यांनी चार दिवस कौतुक केलं आणि गुपचूप व्हॉट्सअ‍ॅपवर परतले. उरल्या दोघीच, प्रेमलाबाई आणि निजामपुऱ्यात राहणारी त्यांची थोरली बहीण मोहना. पोराचं मन कशाला मोडा, म्हणून त्या दोघी मात्र त्याच्याच अ‍ॅपवर बोलत राहिल्या. आज भाजी काय केलीस, इथून त्यांची सकाळ सुरू होई.

पाडव्याला ठिणगी पडली. मोहनामावशींकडे जेवताना प्रेमलाबाई बोलून गेल्या, "अगं, श्रीखंडसुद्धा विकतचंच?" मावशींची सून अस्मिता नोकरी करणारी, तिचा चेहरा पडला. सुनेची बाजू घेताना मावशींच्याही तोंडून चार शब्द जास्त गेले. मोठ्या भांडणापेक्षा असली बारीक भांडणं जास्त टिकतात. दोघींची बोलाचाल बंद झाली.

वैशाखात मावशींच्या नातवाची मुंज होती. तारीख प्रेमलाबाईंना ठाऊक होती, आमंत्रणाचा मात्र पत्ता नव्हता. तरी त्यांनी भिक्षावळीत घालायला रव्याचे लाडू वळले, पैठणीला वारा दिला आणि फोन उशाशी घेऊन झोपू लागल्या. मुंजीच्या दिवशी पैठणी नेसून त्या दुपारपर्यंत दिवाणावर बसल्या होत्या. मग उठून त्यांनी तिची घडी घातली.

"जायचं नाही का?" हेरंबने विचारलं.

"बोलावल्याशिवाय जायला ते काय देऊळ आहे?" प्रेमलाबाई म्हणाल्या. लाडवांचा डबा त्यांनी कुणालाच उघडू दिला नाही. हेरंबला आईची दया आली आणि मावशींचा संताप आला. माणसं कशी बदलतात, असंही तो मनाशी म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात अस्मिता त्याला गाठ पडली. ती मुलाला कारेलीबागेत क्लासला सोडायला आली होती.

"काय भाऊजी, मजामां?" ती नेहमीसारखं गुजरातीत म्हणाली, पण हसली नाही. "यायचं नव्हतं तर तसं कळवायचं ना. सासूबाईंनी माफी मागून बोलावलं होतं. तुमच्याच अ‍ॅपवर, स्वतःच्या आवाजात. प्रेमामावशींनी हूं की चूं केलं नाही. मुंज लागेपर्यंत सासूबाई शेजारची खुर्ची अडवून बसल्या होत्या, कोणाला बसू देत नव्हत्या."

हेरंबने तडक घरी येऊन मशीन तपासलं. दिवा हिरवागार, पंखा फिरतोय, आणि डिस्क काठोकाठ भरलेली. नवा निरोप ठेवायला तसूभर जागा नव्हती. मावशींचं बोलणं त्यांच्याच फोनमध्ये अडकून पडलं होतं. जागा संपत आल्याची सूचना हेरंबला कधीच आली होती. "चालशे, रविवारी बघू," म्हणून त्याने ती सरकवली होती. तो रविवार कुठलं लिनक्स सरस, यावर अनोळखी लोकांशी वाद घालण्यात गेला. वाद त्याने जिंकलाही होता.

जुन्या फायली पुसून त्याने जागा केली. आता आईला नेटवर्कचं कारण सांगितलं असतं तरी चाललं असतं, नेटवर्कला कोण जाब विचारतो? तो स्वयंपाकघरात गेला. प्रेमलाबाई लाडवांच्या डब्यावरची धूळ पुसत होत्या. ते पाहून त्याला स्वतःची लाज वाटली आणि त्याने सगळं खरं खरं सांगून टाकलं.

प्रेमलाबाईंनी चपला घातल्या, डबा घेतला आणि त्या म्हणाल्या, "निजामपुऱ्याला चल. तिला तूच सांग."

मोहनामावशींनी दार उघडलं, पण या म्हटलं नाही. हेरंबने उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, की मशीन बंद पडलं होतं, चूक त्याची होती, आईपर्यंत काही पोचलंच नाही.

"आईला सावरायला खोटं बोलू नकोस, हेरंब," मावशी म्हणाल्या. "तुझं मशीन बंद पडत नाही. तूच सांगितलंस आम्हाला."

"पडलं, मावशी. माझ्यामुळे पडलं. तुमच्या फोनमधलं ते अ‍ॅप एकदा उघडा."

मुंजीला बहीण आली नाही, तेव्हापासून रुसून मावशींनी ते उघडलं नव्हतं. आता उघडलं, आणि क्षणभराने प्रेमलाबाईंच्या पिशवीतला फोन वाजला. त्यांनी चष्मा न लावताच बोट टेकवलं. मावशींचा आवाज मावशींच्याच दारात ऐकू आला, "प्रेमा, पाडव्याला मी जास्तच बोलले गं. मनात ठेवू नकोस. मुंजीला आदल्या दिवशीच राहायला ये. तू नसलीस तर मी भिक्षा घालायला कोणाबरोबर उभी राहू?"

मावशींनी दारातून बाजूला होत बहिणीचा हात धरला आणि तिला आत घेतलं. मुंज काही परत लागणार नव्हती.

"ताई, एकदा आलं होतं माझ्या मनात," प्रेमलाबाई रडत म्हणाल्या, "की मशीनच बंद पडलं असेल. पण हा म्हणाला होता ना, ते कधी बंद पडत नाही. मग मी म्हटलं, तूच बदललीस."

हेरंब दाराशीच उभा होता. मावशींनी डोळे पुसले, डबा उघडला आणि पहिला लाडू त्याच्या हातावर ठेवला. कुणी रागावलं असतं, तर तो त्याने खाल्लाही असता.