गच्चीवरचं वानर

"मूग गिळून काय उभा राहिलास? ओरड ना, हुप्या!" जिन्याच्या दारातून मुकादम खेकसला. "काल निम्म्या चादरी फाडल्या माकडांनी. आज हाकलली नाहीस, तर उद्या दुसरा माणूस!"

हुप्यानं तोंडाशी हातांची ओंजळ धरली. "हूऽप! हूऽप!"

थोराड, काळतोंड्या वानराचा तो हुबेहूब आवाज. तो ऐकला, की दवाखान्याच्या गच्चीवरची तांबड्या तोंडाची माकडं पाइपांवरून सरसर पळ काढायची. त्या आवाजावर त्याची चूल पेटायची. "घरात तरी माणसासारखं बोला," बायको हसून म्हणायची.

आज माकडं पळाली नाहीत. टाक्यांमागून, ओल्या चादरींखालून एकेक करून पुढं आली.

"अरे, ही इकडंच येतायत! जोरात, जोरात!"

तो जितका जोरात ओरडे, तितकी ती जवळ येत. लेकुरवाळ्या आया, लेकी, लेकींच्या पोटाला बिलगलेली पिल्लं. आणि सर्वांपुढं ती, फाटक्या कानाची थोरली. तिला पाहिलं आणि हुप्याच्या तोंडापुढची ओंजळ खाली आली.

उन्हाळ्यात तिचं पिल्लू गेलं होतं. वाळून चिंधी झालं, तरी छातीशी धरून ती हिंडत होती. हुप्याला डबा गोड लागेना. त्यानं कठड्यावर घास ठेवला. पण आवाज थांबला, की मुकादम खालून हाक मारणार. म्हणून घास ठेवता ठेवता तो ओरडत राहिला. रोज. ती भीत भीत यायला शिकली. तिचं बघून लेकी शिकल्या, लेकींचं बघून नाती. वानराचा आवाज आला, की मागून घास येतो.

"काय करून ठेवलंस हे?" मुकादमाच्या हातातली उगारलेली काठी तशीच राहिली.

"पोर गेलं होतं हो तिचं, मुकादम..." हुप्या म्हणाला.

थोरली त्याच्यापुढं येऊन बसली. तिनं त्याची मूठ हातात घेतली, एकेक बोट उलगडून पाहिलं. रिकामी. क्षणभर थबकली. मग त्याचं मनगट जवळ ओढलं आणि लेकीच्या अंगावरून फिरवावीत तशी त्यावरच्या केसांतून हळूहळू बोटं फिरवू लागली.

"उद्यापासून येऊ नकोस," मुकादम म्हणाला. पण अगदी हलक्या आवाजात.

हुप्यानं मान डोलावली. हात मात्र काढून घेतला नाही.