एका खुर्चीचं इमान

मी कोल्हारच्या माळावरचं फवारणीचं विमान बोलतोय. हो, तेच पिवळं, बुटकं, पंखांखाली नळ्या लावलेलं. माझ्यात खुर्ची एकच. प्रवासी नाहीत, हवाईसुंदरी नाही, चहा-बिस्किटं नाहीत. पुढं इंजिन, त्यामागं औषधाची टाकी आणि टाकीमागं माझा वैमानिक, बस्स. इकडची माणसं मला ‘इमान’ म्हणतात. त्यांच्या तोंडी विमानाचं इमान होतं आणि मला ते मनापासून आवडतं. एका खुर्चीच्या विमानानं एकाच माणसाशी इमान राखायचं असतं. त्यानंही आपल्याशी राखावं, एवढीच माझी इच्छा होती. ती काही पुरी झाली नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. पंख वेगळे, धड वेगळं, अशा खोक्यांतून बोटीनं मुंबईला आलो. तिथं एका फवारणी कंपनीनं मला जोडलं, रंगवलं आणि प्रवरेकाठच्या उसावर औषध मारायला इकडं धाडलं. वरून पाहिलं तर हा मुलूख मोठा मजेशीर दिसतो. चहूकडं करडा, तापलेला माळ आणि मधोमध कालव्याच्या पाण्यावर पोसलेला उसाचा हिरवागार पट्टा. त्या उसावर पाकोळी नावाची कीड पडायची. पानांतला रस शोषायची, पानं काळवंडायची. माणूस पाठीवर पंप घेऊन डोक्यापेक्षा उंच उसात शिरणार तरी कसा? मग मला बोलावणं यायचं. साखर कारखान्यानं माझ्यासाठी मुरमाची धावपट्टी केली होती, पत्र्याची शेड बांधली होती आणि पारनेरकडचा गहिनीनाथ माझ्या देखभालीला ठेवला होता.

आणि मग शामकांत आला.

शामकांत नगरच्या शाळामास्तरांचा एकुलता मुलगा. मास्तरांनी सावेडीला घर बांधायला घेतलेली जागा विकून त्याला फ्लाइंग क्लबात घातलं होतं. परवाना मिळाला, पण नोकरी मिळेना. कुठल्याही विमान कंपनीत गेला की विचारत, “उड्डाणाचे तास किती?” तास नाहीत म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर तास आणायचे कुठून? वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तशातली गत. शेवटी तो माझ्याकडं आला. खरं सांगायचं तर नाइलाजानं आला. पण हे मला कळायला वेळ लागला.

पहिल्याच हंगामात आमचं जमलं. उसाच्या शेंड्यांवरून पुरुषभर उंचीनं जायचं, शेताच्या टोकाला झेंडा घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या अलीकडं फवारा बंद करायचा, विजेच्या तारांवरून उडी मारायची, नाहीतर तारांखालून वाकून निघायचं आणि वळून पुन्हा पुढच्या ओळीवर यायचं. त्याचा हात इतका हलका होता, की मला वाटायचं मीच ठरवतोय आणि तो ऐकतोय. संध्याकाळी तो माझ्या पंखावर हात टेकून उभा राहायचा. त्या हाताची मी दिवसभर वाट पाहायचो.

पण हात माझ्यावर असला, तरी डोळे आभाळात असायचे.

रोज सकाळी मुंबईहून औरंगाबादकडं एक डाकोटा जायचं आणि दुपारी परतायचं. एका लहान कंपनीचं, दोन इंजिनांचं, जुनं, थोराड विमान. त्याची घरघर ऐकू आली की शामकांत चहाचा कप तसाच हातात धरून बाहेर यायचा.

“सायेब, येक दिस तुमी बी त्यात असाल बगा,” गहिनीनाथ म्हणायचा.

“तुमच्या तोंडात साखर पडो, गहिनीनाथ.”

साखर पडो! माझ्या टाकीतलं औषध का नाही पडत, असं मला व्हायचं. काय होतं हो त्या डाकोटात? लढाईच्या काळातलं म्हातारं धूड ते. वर तेलाचे ओघळ. ते उसाच्या शेंड्यांपर्यंत खाली येऊन दाखवू शकत होतं? तारेखालून वाकून जाऊ शकत होतं? पण शामकांतनं माझ्याकडं कधी तसं पाहिलं नाही. मी त्याची रोजची भाकरी होतो, आणि भाकरीकडं कोण टक लावून बघतं?

गंमत म्हणजे माझा हेवा करणारंही कुणी होतं. शामकांतची बायको सुमेधा. लग्न होऊन ती कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायला आली होती. डबा घेऊन यायची आणि मला वळसा घालून जायची.

“तुमच्या शर्टाला कितीही धुतलं तरी ह्याचाच वास येतो,” एकदा ती म्हणाली. “सवतच आहे ही माझी.”

शामकांत हसला. मला मात्र दिवसभर बरं वाटत राहिलं.

पुढं तास पुरेसे झाले तसा शामकांत त्या डाकोटावाल्या कंपनीत मुलाखतीला गेला. तो गेला ते दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

“काय म्हनले सायेब?” गहिनीनाथनं विचारलं.

“म्हणाले, तास आहेत, पण सगळे एका इंजिनावरचे. दोन इंजिनांचे आणा. आता दोन इंजिनांचं विमान काय मी घरून आणू? म्हणाले, उसावर औषध मारणं वेगळं, माणसं नेणं वेगळं.”

माझ्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या. एक, तो राहिला! त्या आनंदात मी दुसऱ्या दिवशी चाकं मुरमाला टेकली न टेकली असा उतरलो. पण दुसरी गोष्ट आत सलत राहिली. माझ्या खुर्चीत बसून, घामानं भिजून, तारांशी खेळून काढलेले तास त्यांच्या लेखी कच्चे. मला नाकारलं असतं तरी चाललं असतं. पण माझ्यामुळं त्याला नाकारलं होतं.

यानंतर जे घडलं ते बहात्तरच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी. दुपारची, डाकोटा परतायची वेळ. घरघर ऐकू आली, पण नेहमीसारखी वरून गेली नाही. खाली खाली येत गेली. माळावर एक चक्कर मारून ते डाकोटा चक्क आमच्या धावपट्टीवर उतरलं! मुरमाचा लोट उठला. पट्टी संपता संपता ते थांबलं आणि माझ्या शेजारी, अगदी पंखाला पंख लागेल एवढ्यावर येऊन उभं राहिलं. त्याच्या सावलीत मी पुरता झाकून गेलो.

दार उघडलं. पिकल्या केसांचे कॅप्टन उतरले. त्यांच्यामागून दोघांनी एका तरुणाला धरून आणलं. तो त्यांचा दुसरा वैमानिक होता. पोटात कळा येऊन तो हवेतच वाकडा झाला होता. कारखान्याच्या जीपनं त्याला नगरच्या दवाखान्यात नेलं. प्रवाशांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून कोल्हारच्या एस.टी. थांब्यावर पोचवलं. सगळं पांगल्यावर कॅप्टन माझ्या शेडच्या पायरीवर बसले आणि त्यांनी डोक्याला हात लावला.

“सकाळपासून त्याला ताप होता,” ते शामकांतला म्हणाले. “मला माहीत होतं. पण बदली माणूसच नाही. आमच्याकडं टिकतं कोण? पोरं येतात, दोन इंजिनांचे तास भरले की मोठ्या कंपनीत दुप्पट पगारावर जातात. आणि दोन माणसांशिवाय हे हलवायचं नाही, असा नियम.”

त्यांनी कारखान्याच्या ऑफिसातून मुंबईला फोन लावला. बराच वेळ मोठ्यानं बोलणं चाललं. मग बाहेर येऊन त्यांनी शामकांतला नखशिखांत न्याहाळलं.

“परवाना आहे ना तुमच्याकडं? विमान रिकामंच न्यायचंय. मुंबईहून कशीबशी परवानगी मिळालीय. बसता उजवीकडं, त्याच्या जागी?”

शामकांत नुसता चालायलाच लागला. निघताना माझ्या पंखावर हातसुद्धा टेकवला नाही.

एक इंजिन सुरू झालं, मग दुसरं. त्यांच्या वाऱ्यानं माझे पंख थरथरले, शेडचे पत्रे वाजले. ते धूड धावत गेलं, उचललं आणि डोंगरांकडं वळलं. मी असा जळलो, की टाकीतलं औषध उकळतंय की काय असं वाटलं. जो माणूस माझ्यात एकटा बसायचा, तो आता दुसऱ्याच्या पोटात, दुसऱ्याच्या शेजारी बसून गेला होता.

दोन दिवसांनी तो परतला, पण माझ्यासाठी नाही, सामान न्यायला. कॅप्टननी शब्द टाकला होता आणि नोकरी पक्की झाली होती. पगार ऐकून गहिनीनाथच्या हातातला पाना खाली पडला.

“निम्मा? सायेब, हितं एकरामागं भत्ता बी मिळतोय. भुतावानी पाटकुळी बसलंय का त्ये डाकोटा तुमच्या?”

शामकांत सुमेधाकडं वळला. “मुंबईत निम्म्या पगारात कसं होणार, मला नाही माहीत. तू नको म्हणालीस तर नाही जाणार.”

मी तिच्या तोंडाकडं डोळे लावले. म्हण, बाई, नको म्हण. आयुष्यात पहिल्यांदा मी तिची मनधरणी करत होतो.

“तुम्ही तारांच्या खालून जाता ना, तेव्हा मी ओट्याला धरून उभी असते,” ती म्हणाली. “विमानाचा आवाज वर येईपर्यंत श्वास घेत नाही. आता तर पोटात आहे कुणीतरी. निम्मा तर निम्मा. अर्धी भाकरी खाऊ.”

आणि ते गेले.

त्यानंतर दुष्काळानं सगळंच थांबवलं. कालवे आटले, ऊस गुरांना चाऱ्याला गेला, पाकोळीला बसायला पान उरलं नाही. मला तर शेडबाहेर काढायलाही कुणी नव्हतं. माझी फवारणी कंपनी वैमानिक शोधत होती, पण त्यांनाही कुणी मिळेना. चिमण्यांनी माझ्या इंजिनात काड्या आणल्या. गहिनीनाथ काड्या काढायचा, चिमण्या पुन्हा आणायच्या. सकाळची घरघर मात्र चुकत नव्हती. त्यात तो असायचा. मी कान बंद करू शकत नव्हतो.

पुढल्या पावसाळ्यानंतर ऊस उभा राहिला, पाकोळीही आली, आणि माझ्या खुर्चीत रविकांत नावाचा तरुण बसला. क्लबातून नुकताच बाहेर पडलेला. शामकांतही असाच आला होता, पण त्याचा हात मुळातच हलका; इतक्या कच्च्या हाताला एरवी कुणी माझ्याजवळ फिरकू दिलं नसतं. पण जाणता मिळतच नव्हता. तो मला दगडासारखं आपटायचा आणि भीतीनं इतक्या उंचावरून जायचा, की निम्मं औषध वाऱ्यावर जायचं. आप्पासाहेब म्हणून एक मोठे बागायतदार आहेत. ते तणतणत आले, “आरं, माज्या उसाला औषद मारतोय का ढगाला?”

त्याच दिवशी एक टांगा येऊन थांबला. पांढरा शर्ट, खांद्यावर दोन पट्ट्या. शामकांत! मागं सुमेधा, तिच्या कडेवर मुलगी. वडिलांना भेटायला नगरला आले होते.

“कसं हाय सायेब त्ये मोठं इमान?” गहिनीनाथनं विचारलं.

“मोठं आहे,” शामकांत म्हणाला. मग जरा थांबून, “मी चाकं वर घेतो, रेडिओवर बोलतो. बाकी सगळं कॅप्टनच्या हातात. क्वचित मला उतरवायला देतात.”

“मंग चालवतं कोन? तुमी का बसून ऱ्हाता?”

तो हसला, पण त्याचं हसू ओठांतच राहिलं.

झेंडेवाला त्या दिवशी आला नव्हता. शामकांतनं शर्टाच्या बाह्या वर केल्या, कोपऱ्यातला झेंडा उचलला आणि आप्पासाहेबांच्या उसाच्या टोकाला जाऊन उभा राहिला. रविकांतनं मला वर घेतलं. समोर तो होता. त्यानं तळहातानं खुणावलं, खाली. रविकांत थोडा खाली आला. आणखी खाली, त्यानं हात दाबला. शेंडे माझ्या चाकांना लागायला आले, फवारा सरळ पानांवर बसला. फवारा बंद करून मी त्याच्या डोक्यावरून गेलो. तो वाकला नाही. मान वर करून माझ्याकडं बघत राहिला, आणि त्या डोळ्यांत काय होतं ते मी ओळखलं. ते दुखणं मी वर्षानुवर्षं जवळ बाळगलेलं होतं. रविकांतचा त्याला हेवा वाटत होता.

खोटं कशाला बोलू, मला गोड वाटलं. पुढच्या दोन ओळी मी अक्षरशः मिरवलो. तिसऱ्या ओळीला मात्र त्याचा खुणेचा हात विमानाचा दांडा धरल्यासारखा मुठीत वळलेला दिसला आणि माझी मिरवणूक संपली.

उतरल्यावर रविकांत धावतच त्याच्याकडं गेला. मला वाटलं, आभार मानेल.

“सर, तुमच्या कंपनीत जागा निघते का हो? माझे तास हळूहळू भरतायत.”

शामकांत झेंडा गुंडाळत गुंडाळत म्हणाला, “निघेल. जागा सारख्याच निघतात. पण तोवर ह्याला नीट उतरवायला शीक. असं आपटू नकोस.”

सुमेधानं मुलीचा हात धरून तो माझ्या पंखाला लावला. “हे बघ, बाबांचं विमान,” ती म्हणाली. मला म्हणाली. डाकोटाला नाही.

मंडळी, कुणाचा कुठला हट्ट पुरा व्हावा हे माझ्या हाती नाही. रविकांतही जाईल, त्याच्यानंतर येईल तोही जाईल. मी हेवा करायचं सोडलंय असं म्हणालो तर गहिनीनाथसुद्धा हसेल. फक्त एक विनंती आहे. उसावर माझा आवाज ऐकलात तर माझ्या वैमानिकाला, “मोठं विमान कधी मिळणार?” असं विचारू नका. तो खाली येईपर्यंत तरी विचारू नका. तेवढा वेळ तो माझा असतो.

चला, टाकी भरत आली. गहिनीनाथ इंजिनाचा पंखा फिरवायला येतोय. जरा लांब सरा, धूळ उडेल.