पोतं घाबरत नाही

सुनेनं जिन्याला बसवलेली, मोटरवर वर-खाली सरकणारी खुर्ची सासूबाईंना घेऊन खाली निघाली, ती आधी चार बोटं उलटीच सरकली. सासूबाईंनी असा धसका घेतला की आधीच मोडलेला खुबा बरा झाला, तरी चार महिने वरच्या खोलीतून खाली म्हणून आल्या नाहीत. "तुझ्या त्या खुर्चीत मी नाही बसायची, बाई."

सून विजेच्या मोटर चालवणारे प्रोग्रॅम लिहायची, आणि तेच शहाणपण नडलं. मोटर किती फिरली ते सांगणारा सेन्सर सारखा बिघडायचा, म्हणून तिनं तो काढूनच टाकला. फिरत्या मोटरचा वेग तिच्या तारांतल्या विजेवरूनही कळतो. पण उभी मोटर मुकी. तिथं प्रोग्रॅमनं अंदाज केला, तो सपशेल चुकला आणि खुर्ची उलटी निघाली.

आता निघण्याआधी विजेच्या हलक्या टिचक्या मारून 'कुठं उभी आहेस?' असं मोटरला विचारायचं, हे तिनं प्रोग्रॅमला शिकवलं. खुर्ची क्षणभर गुणगुणायची, मगच हलायची. खुर्चीत सासूबाईंच्या वजनाचं पोतं ठेवून पन्नास फेऱ्या झाल्या. पण पोतं कशाला घाबरतंय!

"आई, एकदाच. पुन्हा मागे गेली तर मीच उपटून फेकते."

"आणि मी पडले तर?"

"मी पायरी-पायरीनं बरोबर आहे ना."

सासूबाई बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. खुर्ची गुणगुणली, अलगद निघाली. सुनेचा जीव भांड्यात पडतोय तोच, अर्ध्या जिन्यावर, सासूबाईंनी लाल बटण दाबून ती थांबवली.

उतारावर मधेच थांबून पुन्हा निघणं सुनेनं तपासलंच नव्हतं. पोत्यानं कधी बटण दाबलं नव्हतं.

"काय झालं? दुखतंय?"

"नाही गं. ही खिडकी किती दिवसांनी दिसतेय." सासूबाई रस्ता बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चल, निघू."

गुणगुण जरा लांबली. मग खुर्ची निघाली, बोटभरही मागे न जाता.

खाली पोचल्यावर सासूबाई हसल्या. "आता हात सोड माझा. वरपासून आवळून धरलायस, मुंग्या आल्या."

सुनेला रडूच फुटलं.

"रड हो सावकाश," सासूबाई बसल्या जागेवरून तिची पाठ थोपटत म्हणाल्या. "झालं की वर जाऊ. मला ती खिडकी पुन्हा बघायचीय."